विरजणाची वाटी

"…मग ते विरजण जातंय तरी कुठं?"

मी तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलं. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत. पण तोंड आत घालायला कुणी बंदी केलेली नाही.

दौलू वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली लाल माती खोऱ्यानं उकरत होते. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण हौद्याची माती दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. ते थांबले.

"कसलं विरजण, हिराबाई?"

"कसलं म्हणजे? तुमच्या मातीला ताक लागतंय न्हवं? त्याला दही लावायला माझ्याकडनं विरजण येतंय. दिवसाआड. तीन महिनं झालं. एवढ्या विरजणात पंचगंगेचं दही झालं असतं."

"नेतंय कोण?"

मी बोट दाखवलं.

सकाळचा सराव आटपून बाकीची पोरं गेली होती. धैर्यशील एकटा भिंतीकडेला जोर मारत होता. माझं बोलणं ऐकून तो मध्येच थांबला. दोन्ही हात जमिनीवर, मान खाली. ना वर येईना, ना खाली जाईना.

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं.

"मातीत ताक घालायचं मी दोन वर्षांमागंच बंद केलंय," ते म्हणाले.

…

माझ्या जिभेला हाड नाही, हे घरचे सांगतात तेव्हा मला राग येतो. त्या दिवशी मात्र ती जीभ गिळून टाकावीशी वाटली.

कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की धैर्यशीलनं दोन वर्षं दुधाला हात लावलेला नाही. दूध नाही, दही नाही, तूप नाही. मटण-अंडी तर नाहीतच. आमच्या भागात पैलवान म्हटला की चरवीनं दूध पिणार. त्यामुळं पोरं त्याला 'शेंगदाणा पैलवान' म्हणून चिडवायची. खोटं कशाला सांगू, मीही दोन-चार वेळा म्हटलंय.

तो चिडायचा नाही. उलट छाती काढून सांगायचा, "म्हशीचं दूध रेडकाचं. माझ्या ताटात सगळं हाय. भिजवलेलं हरभरं, शेंगदाणं, नाचणी, जवस. मला कुणाच्या चोरीचा घास नको."

त्याला कारणही तसंच होतं. सुट्टीला गावी गेला तेव्हा गोठ्यात एक रेडकू पेंढा भरून उभं केलेलं त्यानं पाहिलं. रेडकू मेलेलं. त्याचं नुसतं कातडं, म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून. म्हैस त्याला चाटत होती आणि खाली धैर्यशीलचा भाऊ धार काढत होता. दूध कुणाला, तर तालमीतल्या धैर्यशीलला. खुराक म्हणून.

तो तसाच परत आला आणि वस्तादांपुढं हात जोडून म्हणाला, आजपासून बंद.

वस्ताद तेव्हा नुसते "बरं" म्हणाले होते.

पण गेल्या पावसाळ्यापासून पोराचं काहीतरी बिनसलं. चेहरा पिवळा पडला. पायऱ्या चढताना भिंत धरायला लागला. लढत देता देता दोनदा हौद्यात कोसळला. तळपायाला मुंग्या, बोटं बधिर. चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, बी-बारा नावाचं जे काही असतं ते रक्तात उरलेलंच नाही. तुझं जेवण चांगलं आहे, पण हे त्यातून मिळायचं नाही. सुया घे, मग गोळी चालू ठेव. जनावराचं त्यात काही नसतं. नाही घेतलीस तर नसा जातील, आणि गेलेल्या नसा परत येतील याची खात्री मी देणार नाही.

धैर्यशीलनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. ती खिशातच राहिली.

"सुई घेतली म्हणजे सगळी म्हणणार, बघा, शेंगदाणा हरला," असं तो माझ्या खिडकीपाशी एकदा बोलून गेला होता.

आणि त्याच आठवड्यात तो पहिल्यांदा वाटी घेऊन आला. काकी, थोडं विरजण द्या. तालमीच्या मातीला पाहिजे.

मी दिलं. विरजणाला एक चमचा पुष्कळ झाला, पण पोर वाळलेलं दिसलं की हात सैल सुटतो. चमच्याचे दोन झाले, दोनाचे तीन. आणि वाटी परत यायची ती लखलखीत. विरजणाची वाटी कोण एवढी घासतं? तेवढ्यावरनंच मला किडा चावला आणि मी विचारायला आले.

आता कळलं वाटी एवढी स्वच्छ का असायची.

…

धैर्यशील उठला. हौद्यात आला आणि वस्तादांच्या पुढं गुडघ्यावर बसला. अंगावर नुसता लंगोट. उकरलेल्या ओल्या मातीत गुडघे रुतले.

"मला तालमीतनं काढा, वस्ताद."

"कशापायी?"

"मी खोटा हाय."

वस्ताद हौद्याच्या काठावर बसले. गुडघा दुखतो त्यांचा, बसताना "आई गं" म्हणाले.

"किती खायचास?"

"वाटीत आसंल तेवढं. त्या भिंतीमागं. उभ्यानं."

"चव कशी हुती?"

पोरानं मान वर केली. त्याला वाटलं असावं, टोमणा आहे. पण वस्ताद खरंच विचारत होते. जावई घरी आल्यावर भाजी कशी झाली विचारावं तसं.

"आंबट," तो म्हणाला. "लई ग्वाड लागायचं, वस्ताद… आन् खाऊन झालं की ते रेडकू दिसायचं. मग वाटी घासत बसायचो."

मी उंबऱ्यावर पदर तोंडाला लावला.

"हिराबाई, दही आंबट लावताय," वस्ताद माझ्याकडं न बघता म्हणाले.

"पावसाळा हाय वस्ताद, लवकर आंबतंय," मी म्हणाले. काय बोलायचं ते सुचलं नाही की माणूस असलंच बोलतो.

…

"आन् मातीतलं ताक कवा बंद केलंत?" धैर्यशीलनं हळूच विचारलं.

"तू सोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला सांगितलं न्हाईत…"

"तू इचारलं न्हाईस."

"मी रोज लोळायचो तिच्यात. ताक आसणार हे ठावं हुतं. माती सोडवत नव्हती म्हणून डोळं झाकलं हुतं."

"व्हय. मला दिसत हुतं झाकल्यालं."

धैर्यशीलनं पुढच्या मातीवर तळहात ठेवला. नुसता ठेवला. जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

बाकीची पोरं हल्ली कुरकुरायची ते मला आठवलं. मातीला पहिल्यासारखा वास येत नाही म्हणायची. वस्ताद त्यांना म्हणायचे, नाकानं कुस्ती खेळता काय रे?

…

"तुला चिठ्ठी दिली हुती डॉक्टरीणबाईनं," वस्ताद म्हणाले.

"हाय अंगरख्याच्या खिशात."

"मग?"

धैर्यशीलचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला, छाती काढून बोलायचा तसा. "वस्ताद, माझं खाणं खरं आसंल तर त्याला वरनं सुई कशाला पायजे? सुई लागली म्हणजे माझ्या खाण्यात खोट हाय. म्हणजे चिडवणारी खरी."

"आसं हाय तर."

"व्हय."

वस्ताद उठले. हौद्याच्या पलीकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथली हातभर जागा त्यांनी उकरलेली नव्हती. रंग तोच, पण वर पापुद्रा धरलेला.

"तितं पालथी मूठ मार."

धैर्यशील गुडघ्यांवरच सरकत गेला. मूठ मारली आणि हात झटकला. आवाज दगडावर मारल्यासारखा आला.

"घट्ट हाय, वस्ताद."

"कुठली माती हाय ती?"

"आपलीच. वड्याकाठची. हीच."

"मग घट्ट कशी?"

"तिला तेल न्हाय. हळद न्हाय, लिंबू न्हाय. तुमी तिला केलीच न्हाय."

"चार म्हैनं झालं, हात लावला न्हाय तिला. काय घातलं न्हाय. निव्वळ माती हाय." वस्तादांनी कंबरेवर हात ठेवले. "तुझी आजची कुस्ती तिच्यावर लावूया?"

"पाठ मोडंल की, वस्ताद!"

"का रं? निव्वळ हाय की. खोट न्हाय तिच्यात."

…

धैर्यशील त्या घट्ट मातीकडं बघत राहिला. मग आपल्या बधिर बोटांकडं. मग त्याला हसू आलं. हसता हसता रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आवरताना नाक वाहायला लागलं. बावीस वर्षांचा गडी, पण त्या घडीला दुसरीतल्या पोरासारखा दिसला.

मी कंबरेला खोचलेला रुमाल काढून फेकला. रुमाल आत गेला तर चालतो. मी आत गेले नाही.

"घेतो सुई," तो नाक पुसत म्हणाला. "आत्ता जातो. दवाखाना एक वाजंपातूर उघडा आसतोय."

"जा."

तो उठायला गेला आणि परत बसला. अजून काहीतरी होतं.

"पण वस्ताद… मी चोरून खाल्लं ते खाल्लंच की. दोन वर्सं सगळ्यांपुढं छाती काढून बोललो. आन् आतनं हारलो."

वस्ताद त्याच्या मागं गेले. वाकून त्याच्या पाठीवर हात फिरवला. मानेपासून कंबरेपर्यंत, सावकाश. मग हात उलटा करून बघितला. उन्हात धरला. मलाही दाखवला.

"हिराबाई, माती दिसती का?"

"न्हाई वस्ताद. कोरा हाय हात."

"डोळं नीट हाईत न्हवं तुमचं?"

"सुईत दोरा ववते अजून."

"बरं." ते धैर्यशीलकडं वळले. "कितवं वरीस तालमीत?"

"आठवं."

"कुस्तीत गुडघा टेकला तर पंच काय म्हणतोय?"

"काय न्हाय म्हणत. कुस्ती चालू ऱ्हाती."

"हार कवा धरत्यात?"

धैर्यशीलला उत्तर येत होतं. आमच्या गल्लीत पाळण्यातल्या पोरालाही येतं. मलासुद्धा येतं, आणि मी आजवर तालमीत पाऊल टाकलेलं नाही.

"पाठ लागल्यावर," तो म्हणाला.

वस्तादांनी खोरं उचललं आणि ज्या कोपऱ्याला हात लावलेला नव्हता तो उकरायला घेतला. पहिल्या दोन घावांना ठिणगी उडेल असा आवाज आला. मग ढेकळं निघायला लागली. बाजूच्या पाटीतली हळद त्यांनी मुठीनं पसरली. लिंबं पिळली. वर तेलाची धार सोडली.

धैर्यशील हे बघत उभा राहिला. खरं तर मीही. माझी भाजी चुलीवर होती, ती करपली असं मागाहून कळलं.

…

"काकी," तो उंबऱ्याशी येऊन म्हणाला. रुमाल परत दिला. "उद्यापासनं वाटी न्हाय आणणार."

"आणू नको. पण ये," मी म्हणाले. "शेंगदाणं भिजवून वाटून त्याचं दूध काढते. मिरचीचं देठ टाकून ठेवलं की ते विरजणाबिगर लागतं म्हणत्यात. माझी जाऊ सांगत हुती. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर तूच खा."

तो हसला. "आंबट हुईल का?"

"पावसाळा हाय."

त्यानं मागं जाऊन वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. वस्ताद खोरं मारत राहिले. तो मग नळाकडं निघाला. अंगरखा खांद्यावर, चिठ्ठी हातात, बधिर पाऊल जरा ओढत. दोन्ही गुडघे लालभडक मातीनं माखलेले.

"कुठं?" वस्तादांनी मान न उचलता विचारलं.

"पाय धुतो, वस्ताद. आसा कसा जाऊ दवाखान्यात डॉक्टरीणबाईपुढं?"

खोरं थांबलं.

"पाय धू," वस्ताद म्हणाले. "गुडघं धुऊ नगंस."