टिटवीचा लॅपटॉप

पाखरंही लॅपटॉप बाळगत, त्या काळची ही गोष्ट. एका टिटवीची अंडी नदीच्या वाळूवर होती. धरणाचा भोंगा वाजला, की पाणी कुठवर चढणार ते धरणाच्या संकेतस्थळावर बघून तिला अंडी वर सरकवावी लागत. या धास्तीने ती कासवाच्या दुकानात लहानसा लॅपटॉप घ्यायला गेली.

कासवाने दोन दाखवले. एक वीस गोगलगायींचा, दुसरा शंभरांचा. नदीकाठच्या रिवाजाप्रमाणे टिटवीने एकेक पायात धरून आभाळात गिरकी मारली. दोन्ही सारखेच हलके!

"वीसवालाच द्या, कासवदादा. शंभर दिल्या तर अख्खा पावसाळा उपाशी राहीन मी."

तेवढ्यात वीसवाला लॅपटॉप चाचरत म्हणाला, "टिटवीताई, मला सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात हो. चालेल ना?"

भोंग्यानंतर पाणी अंड्यांपर्यंत यायला तीनच मिनिटं लागत.

"आणि हा दुसरा?"

"झाकण उघडलं की सुरू," कासव म्हणालं.

टिटवीने मनात गोगलगायी मोजल्या, अंडीही मोजली. मग हळूच म्हणाली, "कासवदादा, यातला स्वस्त कोणता हो?"