दाराला रंधा

मिरजेजवळच्या पंपांच्या कारखान्यात घोरपडे साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येक ईमेलच्या शेवटी रेघा, चांदण्या आणि अवतरणचिन्हांची नक्षी काढायची त्यांना भारी हौस. मेल सर्व्हरच्या राखणीला बसवलेल्या फायरवॉलला मात्र ती नक्षी हॅकरच्या आज्ञेसारखी दिसे, आणि साहेबांचे ईमेल अडकत.

एके दिवशी साहेब भडकले. सर्व्हर सांभाळणाऱ्या शर्वरी तांबटला त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "ती फायरवॉल उद्या संध्याकाळी बंद झाली पाहिजे."

"साहेब, तिचा एकच नियम चुकतोय. तो शोधून तेवढाच सैल करते. बंद केली तर सगळ्यांचा पत्रव्यवहार उघड्यावर पडेल."

"जे अडतं ते काढून टाकायचं. माझ्या कंपनीत हाच कायदा."

"बरं," शर्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब येऊन पाहतात तर त्यांच्या केबिनला दारच नाही. त्यांनी बँकेच्या मॅनेजरला फोनवर केलेली विनवणी अख्ख्या ऑफिसने ऐकली. फोन ठेवून ते गरजले, "माझं दार कुणी काढलं?"

"मी काढायला लावलं, साहेब," शर्वरी पुढे आली. "पावसाळ्यापासून चौकटीत अडत होतं."

"अहो, अडतं म्हणून कुणी दार काढतं का? घासतं तिथं रंधा मारायचा."

"कालपासून मी दुसरं काय सांगतेय?"

साहेबांनी रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. बाहेर माना खाली घालून हसणारेही त्यांना दिसले.

"मारा रंधा," ते हळूच म्हणाले. "पण आधी माझं दार."

"सुतार खाली कामाला लागलाय, साहेब. संध्याकाळपर्यंत दोन्ही दारं नीट लागतील."