अध्यक्षांनी शोधलेला अहवाल

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशअर्ज सापडत नाही, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती आणि अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती. "दोष पोरांचा आहे! मुदत वाढणार नाही," असे अध्यक्ष दौलतराव गरजले. संकेतस्थळाच्या तपासणीसाठी नेमलेल्या मृदुला पारसनीस यांच्याकडे त्यांनी अहवाल मागितला.

"साहेब, तो प्रवेशअर्जाच्या शेजारीच ठेवला आहे. आपल्या मोबाइलवर उघडावा."

प्रथम दौलतरावांचे फेट्यातले भव्य छायाचित्र इंचाइंचाने अवतरले. त्यापाठोपाठ सत्कार, उद्घाटने आणि पुन्हा सत्कार आले. अर्ध्या तासाने दौलतराव कडाडले, "अहो बाई, इथे माणसाला काही सापडेल का?"

"अहवालात मी एवढे एकच वाक्य लिहिले आहे, साहेब."

दौलतरावांनी मुदत आठ दिवसांनी वाढवली.