थांबलेला हुंकार

“पण तो बोलणार कधी, एवढं तरी सांगशील का?” चुलीपुढून शांतव्वानं विचारलं. “तुझ्या त्या भालचंद्राच्या नादात माझी दुसरी भाकरी करपली.”

वल्लरी हसली. मांडीवरचे कागद तिनं सारखे केले.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात ती सोमवारी आली होती. तिच्या कथांना बक्षिसं मिळाली होती. ही पहिलीच कादंबरी. छापायला देण्याआधी मठ चालवणाऱ्या आक्कांना ती वाचून दाखवायची, असं तिनं ठरवलं होतं.

सल्ला तिला नको होता. दोन मैत्रिणी म्हणाल्या होत्या, शेवट फसलाय. त्यांना काय कळतं, असं वल्लरी स्वतःला सांगत होती. तरी त्या दिवसापासून तिला नीट झोप नव्हती. आक्कांनी एकदा ‘छान’ म्हणावं, म्हणजे झालं.

मठात गोष्ट वाचण्याची एक रीत होती. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला, की वाचणाऱ्यानंही थांबायचं आणि मान वर करून बघायचं.

आक्का पावटे सोलत ऐकत होत्या. “हं… हं…”

गोष्ट साधीच होती. वाचनालय सांभाळणारी इंदुमती. हार्मोनियम दुरुस्त करणारा भालचंद्र. तो रोज पेपर वाचायला यायचा. शेंगा सोलायचा आणि मूठभर दाणे तिच्या शाईच्या बाटलीमागं ठेवून जायचा. त्याच्या सायकलचं स्टँड वाजलं, की ती खिडकी उघडायची. वर्षं गेली, तरी दोघांचं आपलं ‘अहो’च चाललेलं.

एकदा आक्कांचे हात थांबले.

“दाणे खारे होते का गं?”

“नाही आक्का. भाजलेले.”

“हं.”

वल्लरीला वाटलं, जिंकलं.

मग शेवटचा भाग आला. इंदुमतीला बाजारात भालचंद्र दिसतो. सायकलवर मागं कुणी एक बाई बसलेली. इंदुमती घरी येते, दार लावून घेते. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या किल्ल्या शेजारी देते आणि एसटीत बसते. ती बाई त्याची मामेबहीण होती, हे तिला फार उशिरा कळतं.

हुंकार आला नाही.

वल्लरीच्या ते ध्यानात आलं. तिनं मान वर केली नाही. आवाज चढवून ती वाचत राहिली, थेट शेवटच्या ओळीपर्यंत.

मग तिनं पाहिलं.

आक्का जागेवर नव्हत्या. सोललेले पावटे सुपातून सांडले होते.

“गेल्या?” वल्लरीनं विचारलं.

“आत्ताच उठल्या खऱ्या,” शांतव्वा डोळे पुसत म्हणाली. धुरानं की गोष्टीनं, कोण जाणे. “का गं, ती त्याला एका शब्दानं बोलली नाही?”

“बोलली असती तर ताटातूट कशी झाली असती? कादंबरी तिथंच संपली असती.”

“मग संपू द्यायची होती की. लग्नाला मी आले असते.”

वल्लरीनं कागद पिशवीत कोंबले. तिचे कान तापले होते. एवढी वर्षं लिहिलेलं, आणि ही बाई मधूनच उठून जाते… एक शब्द न बोलता!

“अगं, जेवून तरी जा.”

“भूक नाही.”

पायरीवर तिनं एक चप्पल घातली. दुसरीत पाय घातला… आणि काढला.

ती तशीच उभी राहिली.

मग एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय खड्यांवर टेकत ती तरातरा मठाच्या मागं गेली.

आक्का परड्यात होत्या. वेलांमधून वासराला ओढत होत्या.

“आवडलं नसेल तर तोंडावर सांगायचं, आक्का! असं उठून का आलात?”

“वासरू सुटलं होतं,” आक्का म्हणाल्या. “अर्धा वेल खाल्ला बघ यानं.”

वासरानं तिची पिशवी हुंगली.

“…आणि हुंकार? तो तर आधीच थांबला होता.”

आक्कांनी दाव्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. खुंटीला गाठ मारली. मग तिच्या अनवाणी पायाकडं पाहिलं.

“तू मला कधीपासून ओळखतेस गं?”

“सोमवारपासून.”

“हं… तरी विचारायला आलीस.”

वासरू शांत झालं होतं.

“आणि इंदुमती त्याला किती वर्षं ओळखत होती म्हणालीस?”