पिंगळ्याचे लपलेले पाय

एका जंगलाच्या कडेला मोहाचे जुने झाड होते आणि त्याच्या ढोलीत एक पिंगळा राहत असे. पिंगळा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचे छोटेसे घुबड, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच झाडावर एक खार आपल्या तीन पिलांसह राहत होती. खार मनाने वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हते. पिंगळा फांदीवर येऊन बसला, की ती म्हणे, "काय रे गोळ्या, तुला मान द्यायची राहूनच गेली वाटतं! पायही नाहीत, नुसत्या नख्या पोटाला चिकटवल्यात. आणि डोळे तरी जरा इकडेतिकडे फिरव की!" पण पिंगळ्याचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले, ते फिरणार कसे? बिचारा खजील होऊन ढोलीत शिरे.

एकदा उन्हे कलल्यावर पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या हेमांगीताई एका वनरक्षकासोबत तिथे आल्या आणि झुडपाआड कॅमेरा रोखून बसल्या. खार लगेच शेपूट फुलवून खालच्या फांदीवर मिरवू लागली. "तू मागेच राहा हं," ती पिंगळ्याला म्हणाली, "पिसांचा चेंडू कोण बघणार?" पिंगळ्यालाही ते खरे वाटले. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून मुकाट्याने बसला.

इतक्यात मागे सालीवर बारीक खरखर झाली. पिंगळ्याने अंग जराही न हलवता मान वळवली, इतकी की त्याचा चेहरा थेट पाठीवर आला! एक रानउंदीर खारीच्या घरट्यात तोंड घालत होता आणि पिले किंचाळत होती. पिंगळा झेपावला. पिसांत दुमडलेले त्याचे लांबलचक पाय बाहेर आले आणि त्याने उंदराला घरट्यातून ओढून खाली भिरकावले. उंदराने धूम ठोकली. खाली कॅमेऱ्याची टकटक चालूच होती.

हेमांगीताईंनी सोबतच्या वनरक्षकाला छायाचित्र दाखवले. तो म्हणाला, "ताई, हे पाय कुणाचे? बगळ्याचे का?"

"नाही हो रंगनाथदादा, आपल्या पिंगळ्याचेच! एरवी पिसांत झाकलेले असतात. आणि ही मान बघा. डोळे फिरत नाहीत, म्हणून मानच एवढी फिरते."

पिलांना कुशीत घेऊन खार ते ऐकत होती. ती पिंगळ्याजवळ गेली. "दादा, माझं चुकलं रे. तू नसतास तर माझी पिलं गेली असती."

पिंगळा म्हणाला, "अगं, माझंही चुकलंच. तू रोज काहीबाही बोलायचीस आणि मी ते खरं मानायचो!" मग दोघेही इतके हसले, की पिलेसुद्धा रडायची थांबली.

तात्पर्य : वरवरच्या रूपावरून कुणाला हसू नये; आणि हसणाऱ्याच्या बोलण्यावरून स्वतःची किंमतही ठरवू नये.