पट्टीवरचा श्वास

एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या विदुला अशा कामात गुंतले होते, ज्याचे फळ डोळ्यांना दिसणारच नव्हते. एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा प्लास्टिकच्या मऊ पट्टीवर बसवायचा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाकाजवळ ती पट्टी लावली, की श्वास अडखळताच कळावे, एवढाच हेतू.

पापुद्रा भट्टीच्या प्रखर आचेत तयार होई. त्या आचेत प्लास्टिक मेणासारखे वितळून जाई. म्हणून तो आधी काचेवर वाढवायचा, मग पाण्यावर अलगद सोडवायचा आणि खालून पट्टी सरकवून उचलायचा. विदुलाने असे चाळीस पापुद्रे उचलले. फाटतील या धास्तीने प्रत्येकावर जाड लेप दिला. श्वास मोजणाऱ्या यंत्राला जोडल्यावर प्रत्येक पट्टी मुकीच राहिली.

एके दुपारी लेप संपला होता. एकेचाळिसावी पट्टी तिने तशीच यंत्राला जोडली. यंत्राचा काटा हलला. वर चढला, खाली आला, पुन्हा चढला. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

"सर, इथं कुणीतरी श्वास घेतंय," ती पुटपुटली.

आचार्य उठले, बाहेर गेले आणि काचेचे दार लावून घेतले. खोलीत ती एकटीच उरली. काटा मात्र थांबेना. तिने मागे वळून पाहिले. कुणी नव्हते. काटा अधिकच भरभर हलू लागला.

"सर, दार उघडा!"

काचेपलीकडे आचार्यांनी शांतपणे स्वतःचे नाक चिमटीत धरले. क्षणभर तिला काही उमगेना. मग तिनेही श्वास रोखला.

काटा जागच्या जागी थिजला.

आचार्य आत आले. "तुझाच श्वास होता तो. जाड वस्तूला आत आणि बाहेर असतं. बाहेर काहीही घडो, आत ती निवांत राहू शकते. या पापुद्र्याला आतच नाही. त्याला जे शिवतं, ते त्याच्या सगळ्या अंगालाच शिवतं. तू जपायला म्हणून लेप देत होतीस आणि त्याला बहिरं करत होतीस."

"पण फाटला तर?"

"फाटेल. दुसरा करू. बाळाचा श्वास थांबला आणि पट्टीला कळलंच नाही, तर काय करशील?"

विदुलाने पुढचा पापुद्रा लेपाविनाच उचलला.

महिन्याभराने रुग्णालयात, सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका मुलीच्या नाकाजवळ तशीच उघडी पट्टी लावली होती. सकाळी काटा अचानक थांबला. परिचारिका धावली, तिने इवलेसे तळपाय चोळले. काटा थरथरला, वर चढला. शेजारी उभ्या विदुलाला मागाहून जाणवले, की तोवर आपणही श्वास घेतला नव्हता.