निकामी झाडाची काकवी

साळगडच्या महाराजांनी ओढ्याकाठचं शिंदीचं बन आठ दिवसांत तोडायचं फर्मान काढलं आणि सोम्याच्या तोंडचं पाणी पळालं. सोमा त्या झाडांचा रस काढून पोट भरणारा. बापाकडून त्याला मिळालं होतं ते एवढंच: एक कोयता, एक दोर आणि ही साठ झाडं. झाडं गेली की कोयत्याने नखं कापायची आणि दोरावर धोतर वाळत घालायचं.

झालं होतं असं की, महाराजांच्या शिंगवाल्याने या झाडांचा आंबलेला रस ढोसला. महाराज गादीवर बसताना शिंग फुंकायचं, ते त्याने महाराज जांभई देत असताना त्यांच्या कानाशी फुंकलं. महाराजांचा जबडा दोन दिवस मिटेना. शिंगवाल्याला माफी मिळाली, कारण तो राणीसाहेबांच्या माहेरचा होता. झाडांना माहेर नव्हतं.

फर्मानात लिहिलं होतं, "या झाडाला ना धड फळ, ना धड सावली, ना धड लाकूड. सबब झाड निकामी." हा महाराजांचा लाडका शब्द. राजवाड्याचं कोठार सांभाळणारे विसाजीपंत तर 'निकामी' असा शिक्काच कमरेला लावून फिरत. त्यांच्यासमोर फार वेळ स्वस्थ बसायची लोकांना भीती वाटे.

सोम्याची लेक आवडी तडक दरबारात गेली. बापाला तिने दाराबाहेर बसवलं, नाहीतर तो आधी रडला असता आणि मग तिचं कुणी ऐकलं नसतं.

"सरकार, सकाळचा ताजा रस गोड असतो. उन्हं चढली की तो आंबतो आणि माणसाला चढतो. त्याच्या आधी आटवला तर त्याची काकवी होते. मग प्यायचं काय आणि शिंग फुंकायचं काय!"

"मग आजवर का नाही आटवलास?" महाराजांनी विचारलं.

"तीन दगडांच्या चुलीवर, मडक्यात? संध्याकाळ होते, सरकार. तोवर उरलेला रस आंबून जातो. पसरट कढई पाहिजे, आणि जाळ ओढून घेणारी भट्टी. कोठारातून एखादा पत्रा मिळाला तर..."

"कोठारातून?" पंत असे दचकले की जणू तिने त्यांचे दात मागितले.

महाराज खुशीत आले. "बांध भट्टी! पण कामाची एकही वस्तू वापरायची नाही. विटेपासून सरपणापर्यंत, लागेल ते सगळं निकामी पाहिजे. दहा घागरी रस, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत काकवी. जमलं तर बन राहील. एक जरी वस्तू कामाची निघाली, तर बन तुटेल आणि पहिला घाव तुझा बाप घालेल!"

 आवडी एवढंच म्हणाली, "निकामी काय, ते ठरवणार कोण?"

"पंत. आणखी कोण?"

"मग पंतांनी प्रत्येक वस्तूवर शिक्का मारून द्यावा."

पंत मनापासून खूश झाले. आजवर शिक्का मागायला आपण होऊन कुणी आलं नव्हतं.

चार दिवस पंत शिक्के मारत होते. पडक्या घोडपागेच्या विटा, निकामी. राजवाड्याच्या न्हाणीघरातून उपटलेला तांब्याचा पत्रा, निकामी. आवडीने तो राखेने घासला, चारी कडा वर दुमडल्या आणि खाटेएवढी पसरट कढई केली. वाळवी लागलेले वासे आणि गळून पडलेल्या झावळ्या सरपणाला. गळे फुटलेली मडकी रस धरायला. फाटकी चाळण रस उकळताना वर येणारी मळी काढायला. धुराड्याला मात्र काही मिळेना. मग तिला एक लहानशी तोफ दिसली. पहिल्याच बाराला तिचं बूड उडून गेलं होतं, त्यामुळे ती आरपार मोकळी होती. या तोफेने शत्रूला कधी त्रास दिला नव्हता. सहा जणांनी तिला भट्टीच्या टोकाला उभं केलं आणि तिने पहिल्या दिवसापासून उत्तम धूर ओढला.

ठरल्या दिवशी महाराज बनात येऊन बसले. आवडीने भट्टीत झावळ्या सारल्या. तोफ घुमू लागली, जाळ पत्र्याखालून सुसाट पळाला, रस रटरटला. सोमा मळी काढत होता आणि अधूनमधून सूर्याकडे हात जोडत होता. सूर्य डोक्यावर यायला हातभर बाकी असताना कढईत काळसर, दाट काकवी उरली.

महाराजांनी बोट बुडवून चाटलं. खात्री करायला पुन्हा चाटलं. मग भाकरी मागवली.

"थांबा!" पंत ओरडले. "विटांवर शिक्का आहे. पत्र्यावर आहे. तोफेवर आहे. रसावर शिक्का कुठे आहे?"



"एवढी काकवी झाली, म्हणजे रस कामाचा. कामाची वस्तू वापरली. अट मोडली, सरकार! सोम्या, घे कोयता!"

सोम्याने कोयता उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. बापाकडे बघून आवडीला भडभडून आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि पंतांकडे वळली.

"पंत, रस कामाचा म्हणता?"

"अलबत!"

"नक्की?"

"शंभरदा सांगतो, कामाचा!"

"मग तसं फर्मानावर लिहा. रस कामाचा, तर झाड निकामी कसं? म्हणजे फर्मान खोटं, आणि बन राहिलं. आणि फर्मान खरं असेल, झाड निकामी असेल, तर त्याचा रसही निकामी. म्हणजे अट पाळली, आणि बन राहिलं. यातलं कोणतं लिहायचं ते पंतांनी ठरवावं. मला दोन्ही चालेल!"

  पंतांनी शिक्का हातात घेऊन झाडाकडे पाहिलं, रसाकडे पाहिलं, आणि शिक्का हळूच धोतराच्या सोग्यात लपवला.

महाराज आधी गालात हसले, मग मोठ्याने, आणि मग असे खदाखदा हसले की झाडावरचे पोपट उडाले. "पंत, पोरीने तुम्हाला दोन्ही बाजूंनी बांधलं की हो!"

तिथेच त्यांनी ते बन सोम्याच्या नावे करून दिलं. आवडीला कोठारातून हवा तो पत्रा उचलायची मुभा मिळाली. आणि दर हिवाळ्यात राजवाड्याची काकवी न्यायला पंतांनी स्वतः यायचं, असंही ठरलं. ते येत, आणि आवडी त्यांना बाकीच्या गिऱ्हाइकांमागे रांगेत उभं करी.